स्वभाव नव्हे, ग्रंथीचा दोष!

झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला लागले, की पंचवीसेक किलोमीटरवर बरुआसागर लागते. मोठे तळे, त्याच्या काठचा जुना किल्ला आणि आल्याचे पीक यांसाठी हे गाव बुंदेलखंडात प्रसिद्ध आहे. झाशीच्या परिसरात नेवाळकरांच्या काळापासून मराठी घराणी स्थायिक झाली. अशाच एका घरातल्या भगिनीचे बरुआसागरहून आलेले पत्र या वेळी समोर आहे. पत्र त्यांनी स्वतःसाठी नव्हे, धाकट्या जावेसाठी लिहिले आहे.

जाऊबाई तीस वर्षांच्या. लग्नाला सात वर्षे झाली. सुरुवातीला घरात सर्वांत चपळ म्हणून त्यांचे कौतुक व्हायचे. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र चित्र पालटले. सकाळी उठवत नाही, दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. जेवण पूर्वीपेक्षा कमी, तरी वजन वाढलेले. केस गळतात, कातडी कोरडी पडते, आवाज जडावला आहे, इतरांना पंखा लागतो तेव्हा यांना शाल लागते. पाळी अनियमित झाली आणि दोनदा गर्भपात झाला. सासरी ‘आळशी’, माहेरी ‘मनाला लावून घेणारी’ अशी दोन विशेषणे मिळाली. अखेर झाशीला रक्त तपासले तेव्हा टीएसएच अडतीस निघाले. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. दोन महिन्यांत बरे वाटले, म्हणून गोळी थांबवली. कारण शेजारणीने सांगितले, की या गोळीची सवय लागते. आता सकाळी आल्याचा रस आणि साध्या मिठाऐवजी सैंधव असा उपाय चालू आहे.

भगिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. हा नेमका कसला आजार? गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? आणि जाऊबाईंना मूल होईल का? ही तीनही उत्तरे पुष्कळ घरांच्या उपयोगाची आहेत, म्हणून आज थोडे विस्ताराने लिहितो.

विनानळीचे कारखाने

आपल्या शरीरात दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. घामाच्या किंवा लाळेच्या ग्रंथीला नळी असते. तिचा स्राव त्या नळीतून ठरलेल्या जागी पोहोचतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळीच नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळतो आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतो. या झाल्या अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांचा स्राव म्हणजे संप्रेरक, अर्थात हार्मोन. ‘हार्मोन’ हा शब्द १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने रूढ केला.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढे फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड असते. तिच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार परावटू ग्रंथी चिकटलेल्या असतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात. पोटात स्वादुपिंड आहे, स्त्रीला बीजांडकोश आणि पुरुषाला वृषण आहेत. वजनाने या सगळ्या किरकोळ. पण उंची, वजन, झोप, पाळी, हाडांची मजबुती, रक्तदाब, रक्तातील साखर आणि मनाची उभारी हा सारा कारभार त्यांच्या हातात असतो.

आणि इथेच घोटाळा होतो. हृदय बिघडले तर छातीत दुखते, मूतखडा झाला तर माणूस गडाबडा लोळतो. ग्रंथी बिघडली तर बहुधा काहीच दुखत नाही. माणूस हळूहळू बदलतो. बदल इतका सावकाश होतो, की रोज पाहणाऱ्या घरच्यांना तो आजार वाटतच नाही, स्वभाव वाटतो. मग आळशी, चिडखोर, खादाड, वेंधळी अशी नावे पडतात.

टीएसएच वाढले म्हणजे काय?

जाऊबाईंची अवटू ग्रंथी मंदावली आहे. ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरातील प्रत्येक पेशीने किती वेगाने काम करायचे, हे थायरॉक्सिन ठरवते. चुलीची आच कमी केली, की भात शिजायला वेळ लागतो. तसे थायरॉक्सिन कमी पडले की सगळेच मंदावते. नाडी मंद, आतडी मंद म्हणून बद्धकोष्ठ, विचार मंद म्हणून विसराळूपणा. शरीरात उष्णता कमी निर्माण होते, म्हणून थंडी सोसत नाही. चेहऱ्यावर आणि पापण्यांवर सूज येते.

पियूषिका ग्रंथी अवटूवर देखरेख ठेवते. तिने पाठवलेला हुकूम म्हणजे टीएसएच. अवटू नीट काम करत असली की थोडासा हुकूम पुरतो. ती काम करीनाशी झाली की पियूषिका पुन्हापुन्हा आणि मोठ्याने हुकूम सोडते, म्हणून रक्तातील टीएसएच वाढते. तेव्हा टीएसएचचा आकडा जास्त म्हणजे ग्रंथी सुस्त, आणि आकडा फार कमी म्हणजे बहुधा ग्रंथी अतिउत्साही, असे उलटे गणित आहे. पुष्कळ वाचक इथे फसतात. प्रौढ माणसात हा आकडा साधारणपणे अर्ध्यापासून चार-साडेचारपर्यंत असतो. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. अडतीस म्हणजे ग्रंथीने जवळजवळ हात टेकले आहेत.

असे का होते? आपल्या शहरांत आज याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरांनी १९१२ साली याचे वर्णन केले. आजही हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि घराण्यात चालत येऊ शकतो. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात शंभरामागे सुमारे अकरा जणांना अवटूचे मांद्य आढळले आणि त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश लोकांना त्याचा पत्ताच नव्हता.

मिठाची गोष्ट

दुसरे आणि फार जुने कारण म्हणजे आयोडीनची उणीव. थायरॉक्सिन बनवण्यासाठी आयोडीन हा कच्चा माल लागतो. मोठ्या माणसाला दिवसाला केवळ १५० मायक्रोग्रॅम पुरते. जन्मभराचे आयोडीन एकत्र केले तरी ते चहाच्या एका चमच्यात मावेल. पण हे चिमूटभर मिळाले नाही, तर ग्रंथी आहे त्या मालात काम भागवण्यासाठी फुगत जाते. गळ्यावर गाठ दिसू लागते. तिला आपण गलगंड म्हणतो.

आयोडीनचा साठा समुद्रात. डोंगराळ भागात पावसाने आणि पुराने ते जमिनीतून धुऊन जाते. मग पिकात नाही आणि माणसातही नाही. म्हणून हिमालयाच्या पायथ्याशी गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली असत. हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन मिसळलेले मीठ दिले, एकाला साधेच मीठ ठेवले. १९६२ पर्यंत आयोडीन मिळालेल्या भागांतील शाळकरी मुलांचा गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला. साध्या मिठाच्या भागात तो जिथल्या तिथे राहिला. देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्याच साली सुरू झाला.

गलगंड हा पहाडातल्यांचा रोग, आपल्याला त्याचे काय, असे मैदानातील लोक पुढे पुष्कळ वर्षे समजत होते. पण नंतरच्या पाहण्यांत महाराष्ट्रातील औरंगाबाद जिल्हा, गुजरातमधील भरूच, केरळातील एर्नाकुलम असे हिमालयापासून दूरचे भागही सापडले. भरूच आणि एर्नाकुलम तर समुद्राजवळचे जिल्हे! १९९२ साली कार्यक्रमाचे नावच बदलले आणि ‘गलगंड’ऐवजी ‘आयोडीनच्या उणिवेचे विकार’ असे शब्द आले. कारण गाठ हा या उणिवेचा सर्वांत दिसणारा, पण सर्वांत कमी नुकसानीचा भाग आहे. खरे नुकसान गर्भातल्या बाळाच्या मेंदूचे होते. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावरची देशव्यापी बंदी २००० साली उठवली गेली. पुन्हा विचार होऊन २००५ साली ती जाहीर झाली आणि २००६ पासून लागू झाली. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे तीनचतुर्थांश घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ आढळले. उरलेल्या एकचतुर्थांश घरांत आपले घर आहे का, हे ज्याने त्याने पाहावे.

पाहायचे कसे? पिशवीवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह असते. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे. उघडे, ओलसर किंवा उन्हात राहिले तर आयोडीन उडत जाते. शक्य तेथे मीठ पदार्थ शिजत आल्यावर घालावे.

आता सैंधव. उपवासाला चालते, चव चांगली, ‘नैसर्गिक’ आहे, म्हणून अलीकडे पुष्कळ घरांत रोजच्या स्वयंपाकातही तेच वापरू लागले आहेत. सैंधव हे खाणीतले मीठ. मुद्दाम मिसळल्याशिवाय त्यात कामापुरते आयोडीन नसते. एकादशीला आणि चतुर्थीला खावे, काही बिघडत नाही. पण बरुआसागरसारख्या समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गावात, मूल व्हावे म्हणून वाट पाहणाऱ्या स्त्रीने रोजचे मीठ सोडून सैंधवावर राहणे धोक्याचे आहे. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे, की आयोडीनयुक्त मिठाने उणीव टळते. हाशिमोटोच्या विकाराने थकलेली ग्रंथी त्याने पुन्हा कामाला लागत नाही. मीठ नेहमीएवढेच खावे, आजार आहे म्हणून जास्त खाऊ नये.

आणि आले? बरुआसागरच्या आल्याची कीर्ती खरी आहे. सर्दीला, अपचनाला, चहाला ते उत्तम. पण त्यात थायरॉक्सिन नाही. गोळी चालू ठेवून आले खाण्यास हरकत नाही. गोळीऐवजी आले चालणार नाही.

गोळीची सवय लागते का?

१८९१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी अवटूच्या मांद्याने सुजलेल्या, जडावलेल्या एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. काही आठवड्यांत तिची सूज उतरली, वाचा मोकळी झाली, ती हिंडू-फिरू लागली. पुढे अर्क तोंडाने देता येऊ लागला. ती बाई आणखी अठ्ठावीस वर्षे जगली आणि तेवढ्या काळात आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले. आज तेच थायरॉक्सिन कारखान्यात तयार होते आणि छोट्या गोळीत मिळते. तिचा रोजचा खर्च हॉटेलातल्या एका चहापेक्षाही कमी पडतो.

ही गोळी म्हणजे शरीर स्वतः जे बनवत होते तेच. आपल्याला पाण्याची सवय लागली असे कोणी म्हणत नाही; तसेच हे. ग्रंथी बनवत नाही तोवर बाहेरून भर घालावी लागते आणि हाशिमोटोच्या विकारात ती बहुधा जन्मभर घालावी लागते. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना येणारे मांद्य मात्र पुष्कळदा तात्पुरते असते. कोणाचे तात्पुरते आणि कोणाचे कायमचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे, शेजारणीने नव्हे. जाऊबाईंना बरे वाटले ते गोळीमुळे. शरीरातील थायरॉक्सिन संपायला काही आठवडे लागतात, म्हणून गोळी सोडल्यावर लगेच काही बिघडले नाही. यालाच लोक ‘बरे झाले’ समजतात.

गोळी घेण्याचे नियम साधे आहेत. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहा, दूध, नाश्ता नको. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर चार तासांचे अंतर ठेवावे. नाहीतर थायरॉक्सिन आतड्यात अडकून वाया जाते. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात, त्यामुळे ही चूक तिच्याच बाबतीत जास्त होते. मात्रा बदलली, की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासावे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नये. ती चालू आहे म्हणूनच तो नॉर्मल आला आहे. वजन उतरवण्यासाठी स्वतःच्या मनाने मात्रा वाढवणे तर अगदीच चूक. त्याने छाती धडधडते आणि हाडे ठिसूळ होतात.

मूल होईल का?

होण्यास कोणतीही आडकाठी दिसत नाही, पण आधी टीएसएच आटोक्यात आणले पाहिजे. उपचार न केलेल्या मांद्यात पाळी बिघडते, दिवस राहणे अवघड होते आणि गर्भपाताचा धोका वाढतो. गर्भपाताला इतरही कारणे असतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला वेगळा घ्यावाच. परंतु ग्रंथीचा हा दोष सापडलेला आहे आणि तो सुधारता येतो, ही मोठी जमेची बाजू आहे.

दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची अवटू ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. म्हणून बहुतेक स्त्रियांना या काळात गोळीची मात्रा वाढवावी लागते. ‘गरोदरपणी औषधे नकोत’ म्हणून हीच गोळी थांबवणाऱ्या सासवा आणि आया आपल्याकडे आहेत. हेतू चांगला, परिणाम वाईट. आधीचे गर्भपात, घराण्यात थायरॉइडचा विकार, गळ्यावर गाठ, वंध्यत्व असे काही असलेल्या गरोदर स्त्रियांची टीएसएच तपासणी करावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१४ साली दिल्या आहेत. बरुआसागरहून झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे जावे आणि जुना रिपोर्ट बरोबर न्यावा.

फार गुणी बाळ

एक बाळ जन्मले. रडत नाही, रात्री उठवत नाही, पाजायला उठवावे लागते. घरचे म्हणतात, ‘कित्ती गुणी!’ कावीळ थोडी लांबते, शी दोन-तीन दिवसांनी होते, बेंबी जरा बाहेर आलेली, जीभ मोठी वाटते, रडलेच तर आवाज घोगरा. सहा महिन्यांनी ते मान नीट धरत नाही, तेव्हा काळजी सुरू होते. तोवर उशीर झालेला असतो.

काही बाळे जन्मतःच अवटू ग्रंथीविना किंवा दुबळी ग्रंथी घेऊन येतात. त्यांना पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केले, तर बहुतेक जण इतर मुलांसारखीच शाळेत जातात, शिकतात, नोकरी करतात. काही महिन्यांचा उशीर झाला तर बुद्धीचे नुकसान कायमचे राहते. गोळी तीच, खर्च तोच, फरक फक्त दिवसांचा. मतिमंदत्वाच्या कारणांत इतके सहज टाळता येणारे कारण क्वचितच दुसरे असेल.

ओळखण्याचा मार्ग म्हणजे जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब. बाळाकडे पाहून हा विकार सुरुवातीला बहुधा ओळखता येत नाही, म्हणून सगळ्याच बाळांची तपासणी करावी लागते. मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम फार पूर्वी, १९८० च्या दशकात हाती घेतले होते. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली. तीत सुमारे ११३० बालकांमागे एकात हा विकार आढळला. गोव्याने २००८ साली राज्यपातळीवर नवजात बालकांची अशी तपासणी सुरू केली होती. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या विकाराची नोंद आहे. तरीही अनेक प्रसूतिगृहांत ती आपोआप होत नाही. म्हणून घरी जाण्यापूर्वी आजीने, आत्याने, बापाने, कोणीतरी विचारावे, ‘बाळाचे थायरॉइड तपासले का?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

ग्रंथी फार पेटली तर

मांद्याच्या उलट प्रकार म्हणजे अवटूचा अतिरेक. भूक वाढते आणि वजन उतरते. हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते, झोप उडते. काहींचे डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे दिसतात. घरात या माणसाला ‘तापट’ म्हणतात आणि सुनेला ‘हिच्या अंगी लागतच नाही’ असे म्हणतात. वयस्कर माणसात तर केवळ अशक्तपणा आणि अनियमित नाडी एवढेच दिसू शकते.

यावर गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे आणि किरणोत्सर्गी आयोडीनही आहे. या शेवटच्या उपचाराचा मुंबईशी जुना संबंध आहे. परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले. अवटू ग्रंथी आयोडीन कुठूनही ओढून घेते. तिच्या याच हावरेपणाचा फायदा घेऊन किरणोत्सर्गी आयोडीन घोटभर पाजले जाते. ते गळ्यात जाऊन बसते आणि जास्तीच्या पेशींना निष्प्रभ करते. अणू म्हटल्यावर लोक बिचकतात, पण हा उपचार अनेक दशकांच्या अनुभवाने पारखलेला आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना मात्र तो देत नाहीत.

इतर ग्रंथींच्या खोड्या

बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, बाई कशीबशी वाचली. नंतर दूध आले नाही, पाळी परतली नाही, काखेतले केस गळाले, वर्षानुवर्षे थकवा आणि चक्कर. रक्तस्रावात पियूषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती करपल्याने असे होते. ब्रिटनच्या डॉ. शीहान यांनी १९३७ साली हा विकार नीट मांडला. घरी बाळंतपणे होणाऱ्या भागात तो आजही सापडतो. अशा बाईला दहा-पंधरा वर्षे टॉनिकच्या बाटल्या पाजल्या जातात. ‘बाळंतपणात फार रक्त गेले होते आणि दूध आले नव्हते’ एवढे एक वाक्य तिने डॉक्टरांना सांगितले, तर निदानाची दिशा मिळते.

हातातली अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर चाळिशीत वाढतो, जबडा रुंद होतो, घोरणे वाढते. हे पियूषिकेतल्या गाठीमुळे वाढीचे संप्रेरक जास्त झाल्याचे लक्षण असू शकते. जुना फोटो शेजारी ठेवून पाहिले, की फरक चटकन कळतो.

चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय काटकुळे, पोटावर जांभळट चिरा, रक्तदाब आणि साखर वाढलेली, हे अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक अती झाल्याचे चिन्ह. आपल्याकडे याला बहुतेकदा ग्रंथी जबाबदार नसते, पुडी जबाबदार असते. सांधेदुखीवर, दम्यावर ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. महिनोन्महिने ते पोटात गेले, की स्वतःच्या ग्रंथी झोपी जातात. मग पुडी एकदम बंद केली तर जीवावर बेतते. अशी पुडी चालू असेल तर पुडीसकट डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्याने ती हळूहळू सोडावी.

अधिवृक्क ग्रंथी अपुरी पडली, तर उलट घडते: वजन उतरते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, खारट खावेसे वाटते आणि तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडतात. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली हे वर्णन केले. आपल्या देशात यामागे क्षयरोग असण्याची शक्यता नेहमी लक्षात ठेवावी लागते. परावटूच्या दोषाने पुन्हापुन्हा मूतखडे होतात आणि हाडे विरळ होतात. ती निकामी झाली तर बोटांना मुंग्या येतात आणि हात आखडतात. स्वादुपिंडाच्या इन्सुलिनची कहाणी, म्हणजे मधुमेह, आता घरोघरी ठाऊक आहे.

घरच्यांनी काय करावे?

वाचून घाबरू नये. थकवा म्हणजे थायरॉइडच असे नाही. रक्तक्षय, मधुमेह, मनाची उदासी, अपुरी झोप ही कारणेही तितकीच असतात. म्हणून प्रत्येकाने दर महिन्याला सगळ्या हार्मोन्सची तपासणी करत सुटणे हाही पैशाचा अपव्यय. पण एखाद्या माणसाची चाल, बोलणे, वजन, झोप, पाळी किंवा चेहरा सहा महिने-वर्षभरात बदलला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. अवटूसाठी टीएसएचची एक तपासणी सुरुवातीला पुरते. तिला उपाशी राहावे लागत नाही. मुलगा वर्गात सर्वांत बुटका राहिला, मुलीला आठव्या वर्षाच्या आत वयात येण्याची चिन्हे दिसली किंवा पंधरा वर्षांनंतरही पाळी आली नाही, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नये.

आणि रिपोर्टमध्ये दोष निघाला, तर तो घरात सर्वांना सांगावा. जिला चार वर्षे आळशी म्हटले, तिला ‘तुझा दोष नव्हता’ हे शब्द कोणीतरी मोठ्या माणसाने बोलून दाखवणे आवश्यक असते. गोळीने ग्रंथीची उणीव भरून निघते. घरात पडलेले नाव मात्र घरच्यांनीच पुसायचे असते.